गप्प बसले की वाजतं

मला राग येत नाही! फुशारकी नाही ही. सत्तावीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवतेय. चाळीस पोरं एकाच वेळी "बाई, ह्यानं माझी पाटी फोडलीऽऽ" म्हणून ओरडली, तरी माझा आवाज चढत नाही. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी माझ्याच वर्गात, माझ्याच फळ्यावर, सात नव्वे चौपन्न लिहिलं. मी "हो सर" म्हटलं, चहा पाजला, ते गेल्यावर फळा पुसला आणि त्रेसष्ट लिहिलं. आमच्या रत्नागिरीच्या राजिवड्यात सासू-सुनांचं वाजलं की म्हाताऱ्या सुनांना सांगतात, "जा, कौसरबाईंकडे जाऊन बस जरा!"

आणि नवरा? एकोणतीस वर्षांच्या संसारात आमचं एकही भांडण नाही! एकही!

आता त्यात एक बारीकसा तपशील आहे, तोही सांगून टाकते. त्या एकोणतीसपैकी सव्वीस वर्षं आमचे वजीर कतारला होते. दोन वर्षांतून एकदा दोन महिन्यांसाठी यायचे. दोन महिन्यांत माणूस किती भांडणार? पहिला महिना सामान उघडण्यात जायचा, दुसरा भरण्यात. एकदा सहज बेरीज केली तर एका छपराखाली आम्ही जेमतेम पाच वर्षं काढली होती.

गेल्या सप्टेंबरात ते कायमचे परत आले. सगळी गल्ली म्हणाली, "कौसरबाई, नशीब काढलंत!" मीही म्हटलं, हो, काढलं.

वजीर तिकडे एका मोठ्या बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर होते. खिळ्यापासून क्रेनच्या दोरापर्यंत सगळं त्यांच्या ताब्यात. आता ताब्यात काय? माझं स्वयंपाकघर! आल्यावर तिसऱ्याच दिवशी त्यांनी बॅगेतून चिठ्ठ्या छापायचं एक छोटं मशीन काढलं. हळदीच्या डब्यावर "हळद". मिठाच्या बरणीवर "मीठ, रॅक दोन, डावीकडून तिसरं". फ्रीजरमधल्या पिशवीवर "बांगडा, नग चार, मंगळवार". तांदळाच्या पिंपावर "आधी आलेला आधी वापरा". माझ्या स्कूटीच्या चावीवर काय, तर "स्कूटी"! मी सात वर्षांची असल्यापासून हळद ओळखते. पण मी म्हटलं, "छान."

मग ते माझ्यामागे उभे राहायला लागले. मी तव्यावर मासे टाकले की मागून आवाज, "गॅस बारीक कर. आता उलट. आता नको. आता!" मी म्हणायची, "हो."

शाळा होती तोवर ठीक होतं. दिवसाचे सहा तास चाळीस पोरांच्या गोंगाटात शांतपणे जायचे. पण मे महिना आला, सुट्टी लागली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही दोघं सकाळपासून संध्याकाळपर्यंत समोरासमोर! त्यातच एक दिवस वजीर म्हणाले, "कौसर, आता शाळा सोड."

"का?"

"आता मी आलोय ना!"

मला निवृत्तीला अजून चार वर्षं बाकी होती. मी म्हटलं, "बघू."

इथं घोटाळा झाला. माझ्या भाषेत 'बघू' म्हणजे 'नाही'. आमच्या वाड्यातल्या मांजरालासुद्धा हे माहीत आहे. पण वजीर सव्वीस वर्षं बाहेर होते. त्यांनी ते 'हो' असं नोंदवून घेतलं.

रविवारी मी तांदळाच्या रव्यात फणसाचा रस घालून सांदणं वाफवली होती. कापसाच्या उशीसारखी मऊ! वजीरनी एक सांदण नारळाच्या रसात बुडवलं आणि म्हणाले, "तुझा राजीनाम्याचा अर्ज मी लिहून ठेवलाय. रॅक एकवर आहे. तू फक्त सही कर."

मी घास चावला. कट्ट!

माझी दाढ तुटली. सांदणावर! बिनदाताच्या माणसांसाठी जो पदार्थ करतात, त्यावर माझी दाढ तुटली!

"खडा असणार," वजीर म्हणाले. त्यांनी उरलेली अकरा सांदणं बोटांनी कुस्करून तपासली. मग पिंपातला सगळा तांदूळ अंगणात ओतून चाळला. खडा सापडला नाही. मी गालावर हात धरून बघत बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दातांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर सानवी माझीच विद्यार्थिनी. दुसरीत असताना तिला 'ळ' म्हणता यायचा नाही, 'बाई, माझं केल खाल्लं' म्हणून रडायची. आता पुण्याहून शिकून येऊन इथं दवाखाना टाकलाय. तिनं माझ्या तोंडात आरसा फिरवला आणि म्हणाली, "बाई, दाढ तुटली नाही. तुम्ही तोडलीत."

"मी?"

"सगळ्या दाढा झिजल्यात. जबड्याचे स्नायू बघा, दगड झालेत. तुम्ही दिवसभर दात आवळून धरता."

"मला राग येत नाही, सानवी."

"हो बाई," ती म्हणाली. मी त्या तपासणीच्या साहेबांना म्हटलं होतं, अगदी त्याच सुरात!

मग तिनं एक नवीन यंत्र काढलं. स्पिरिटच्या बोळ्यानं माझे गाल आणि कानशिलं पुसली आणि त्यावर गोल गोल चिकटपट्ट्या लावल्या. मोठ्या टिकल्यांसारख्या, आणि प्रत्येक टिकलीला एकेक वायर. दोन गालांवर, दोन कानशिलांवर, एक कानामागे. आरशात बघितलं तर मी लग्नातल्या विजेच्या माळेसारखी दिसत होते.

"करंट बसणार नाही ना गो?"

"हे यंत्र काही देत नाही, बाई. फक्त ऐकतं. स्नायू आवळला की त्यात बारीकशी वीज तयार होते, ती इथं दिसते." तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "आता जोरात दात आवळा."

मी आवळले. पडद्यावरची रेघ अशी उसळली की बस! वादळात मिरकरवाड्याच्या होड्या नाचतात तशी. सानवीच्या भुवया वर गेल्या. मला बरं वाटलं. वर्गात पहिली आले जणू!

"आता सैल सोडा. ओठ मिटलेले, दात सुटे. 'न' म्हणा आणि जीभ तिथंच ठेवा. आकडा दोनच्या आसपास यायला हवा."

आकडा नऊ.

मी आयुष्यात कधी नापास झालेले नाही. मी कंबर कसली आणि सैल सोडायला लागले. आकडा अकरा!

"बाई, प्रयत्न करू नका."

प्रयत्न न करण्याचा मी आणखी जोरात प्रयत्न केला.

वजीर शेजारी स्टुलावर बसले होते. ते म्हणाले, "कौसर, सैल सोड. खांदे खाली. तू सोडत नाहीयेस. डॉक्टर, ती सोडत नाहीये."

आकडा बारा.

तेवढ्यात वजीरचा फोन वाजला. "काशीरामचा," म्हणत ते बाहेर गेले. काशीराम म्हणजे संगमेश्वरकडचा त्यांचा कतारमधला खोलीतला जोडीदार. दार बंद झालं आणि रेघ खाली आली. सात. चार. दोन! सानवीनं टाळी वाजवली. "वा बाई! जमलं!"

दार उघडलं. वजीर आत आले. दहा.

सानवीनं वायरी तपासल्या. वजीरनी पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि सव्वीस वर्षांचा स्टोअरकीपर जागा झाला! "मोबाईल! मोबाईलच्या लहरी मशीनमध्ये घुसतायत!"

ते बाहेर गेले. दोन. मोबाईल बाहेरच्या बाकावर ठेवून आत आले. दहा.

"मग घड्याळ!" बाहेर गेले. दोन. घड्याळ काढून आत आले. दहा.

मग पट्टा. त्याला लोखंडी बक्कल होतं ना! मग खिशातल्या किल्ल्या. मग चष्मा. मग चपला. दर वेळी एक वस्तू कमी करून माझा नवरा आत यायचा, दर वेळी आकडा दहावर जायचा, आणि दर वेळी तो अधिकच उत्साहानं बाहेर पळायचा. बाहेर बाकावर पाच-सात पेशंट आपापली दाढदुखी विसरून ही जत्रा बघत होते. शेवटी वजीर अनवाणी, बिनचष्म्याचे, एका हातानं सैल पँट धरून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "डॉक्टर, अत्तर तर नसेल?"

बाकाच्या टोकाला गंगुबाई बसली होती. मांडवीला मासे विकते. गाल सुजून नारळाएवढा झालेला, तरी तिला राहवलं नाही. "अवो भाऊ," ती म्हणाली, "सगला काढून झाला! आता तुमीच तेवडे र्‍हायलाव! तुमीच भायेर बसा, म्हंजे बाईंचा बरा व्हईल!"

सगळा दवाखाना हसला. सानवीनं तोंड लॅपटॉपमध्ये घातलं. वजीरही हसले. पण सगळ्यांचं हसून झाल्यावर हसले. तेवढाच एक क्षण उशिरा. मला तो क्षण दिसला, कारण चष्मा नव्हता त्यांच्या डोळ्यांवर.

सानवीनं दाढेचं काम केलं आणि घरी सरावासाठी काडेपेटीपेक्षा थोडी मोठी एक डबी दिली. "ह्याच्या दोन टिकल्या गालावर लावायच्या, डबी खिशात. स्नायू आवळला की पीप् असा आवाज येतो. आवाज आला की सोडायचं. मात्र बोलताना आणि खाताना ते वाजणारच, तिकडे लक्ष देऊ नका. गप्प बसलेलं असताना वाजता कामा नये."

घरी गेल्यावर संध्याकाळी बघितलं तर त्या डबीवर चिठ्ठी लागलेली होती. "कौसर, जबडा."

रोज वजीर असरच्या नमाजाला मशिदीत गेले की मी डबी लावायचे. आणि काय सांगू, एकदाही वाजायची नाही! मला वाटलं, झालं, बरी झाले मी. वजीरनी तो आवाज कधी ऐकलाच नाही.

पुढच्या रविवारी वजीरचे थोरले भाऊ अक्रमभाईजान आणि बिल्किसभाभी कर्ल्याहून जेवायला यायचे होते. बारा वाजता येणार म्हणाले आणि दहा वाजता आले! मी स्वयंपाकघरात पाट टाकून कोळंबी सोलत होते, गालावर टिकल्या, खिशात डबी. वजीर बाजारातून यायला वेळ होता म्हणून लावली होती. त्यांच्याच बरोबर दारात भाऊ आणि भाभी! मी घाईघाईनं ओढणी डोक्यावरून गालांपर्यंत ओढली. हात कोपरापर्यंत कोळंबीत बरबटलेले. डबी बंद करायला खिशात हात कसा घालू?

भाभी माझ्यासमोर पाट घेऊन बसली. दोघं भाऊ दारातच खुर्च्या टाकून बसले. आणि वजीर म्हणाले, "भाईजान, खुशखबर! कौसर शाळा सोडतेय. उद्या अर्ज देणार."

मी काहीच बोलले नाही. माझी ती सवय आहे.

पीप्!

"कोणाचा फोन?" अक्रमभाईजान म्हणाले. सगळ्यांनी आपापले फोन बघितले.

"बरंच झालं गो," भाभी म्हणाली. "किती वर्षं राबलीस. आता घरात बस, नवऱ्याला गरम गरम वाढ."

पीप्! पीप्!

मी कोपरानं खिसा दाबला. बटण दाबलं जाईल असं वाटलं. दाबली गेली ती आवाज कमी-जास्त करायची चकती. आणि ती उलट्या बाजूला फिरली!

पीऽऽप्! पीऽऽप्! पीऽऽप्!

"गॅस!" अक्रमभाईजान उठले. "गॅस गळतोय! आमच्या शेजारी अशीच घंटा बसवलीय!"

वजीर उडालेच. त्यांनी शेगडी बंद केली, सिलिंडर सोडवला आणि पोटाशी धरून अंगणात नेला. अक्रमभाईजाननी मेन स्विच पाडला. पंखा बंद. मे महिन्यातली ती दमट घुसमट! भाभी "या अल्ला, या अल्ला" करत खिडक्या उघडायला लागली. घाबरून माझा जबडा असा आवळला की डबी आता थांबायचं नावच घेईना. पीऽऽऽऽऽऽप्!

"इन्व्हर्टर असेल!" "नाय, फ्रीज!" "वीजच नाय तर फ्रीज कसा वाजेल?" वजीर एकेक रॅक उपसत होते. त्यांच्या चिठ्ठ्या लावलेले डबे जमिनीवर रांगेत उभे राहिले. मी म्हणायला तोंड उघडलं, पण काय म्हणणार? 'थांबा, मी वाजतेय'?

शेवटी भाभीनं शोधून काढलं. बाई कानानं तिखट. मांजर माशाच्या वासावर येतं तशी ती आवाजाच्या मागावर आली, माझ्यापाशी थांबली, वाकली आणि ओढणी खेचली.

"या अल्ला!" ती ओरडली. "ही बघा! कौसरच वाजते!"

मग सगळं सांगावं लागलं. अक्रमभाईजाननी गंभीरपणे मान हलवली. "म्हणजे खोटं पकडायचं मशीन."

"नाही भाईजान, हे स्नायूंचं..."

"कळलं, कळलं. विचारून बघू. कौसर, कोळंबीचं कालवण करणार ना? गप्प राहा हां!"

मी गप्प राहिले. डबीही गप्प राहिली. भाईजान खूश! भाभीला ती गंमत वाटली. "माझी बिर्याणी कशी असते, विचारा ना."

पीऽऽप्!

अक्रमभाईजान हसता हसता खुर्चीवरून पडायचे राहिले. "तीस वर्षं मी हेच म्हणतोय!" भाभीचं तोंड एवढंसं झालं. हेही माझ्या नावावर गेलं.

मी हात धुवायला उठत होते. डबी बंदच करणार होते, खरंच. पण वजीर अंगणातून सिलिंडर घेऊन परत आले होते. त्यांनी तो खाली ठेवला. त्यांच्या हाताला काळं लागलं होतं, ते पुसत पुसत त्यांनी अगदी हळू विचारलं, "तुला शाळा सोडायची नाही?"

पीप्.

"मग सांगितलं का नाहीस?"

पीप्.

अक्रमभाईजान हसायचे थांबले. वजीर दोन पावलं पुढे आले. "मी कायमचा आलो," ते म्हणाले, "तुला बरं वाटलं ना?"

आता तुम्हीच सांगा, माणसानं काय करावं? बोललं तरी ते वाजणार, सानवीनं सांगितलंच होतं. गप्प राहिलं तरी वाजणार. मी दात सुटे ठेवले. जीभ टाळूला लावली. मनात 'न' म्हटलं. सत्तावीस वर्षं मुलांना शिकवलेली सगळी शांतता गोळा केली.

पीऽऽऽऽऽऽऽप्.

बिल्किसभाभीनं माझ्यापुढची कोळंबी ओढली आणि सोलायला लागली.

"बॅटरी उतरलीय," मी म्हटलं. "उतरली की अशीच वाजते."

वजीरनी मान हलवली. "नवीन बॅटरी आहे. रॅक चार," ते म्हणाले. आणि खरंच आत जाऊन, जमिनीवरच्या डब्यांतून वाट काढत, बॅटरी घेऊन आले. माझ्यासमोर ठेवली. मी ती बदलली. जुनी चांगली होती, दोघांनाही माहीत होतं.

जेवणं झाली. कुणी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

पुढचे दोन दिवस घरात चिठ्ठी छापायच्या मशीनचा आवाज नव्हता. मी मासे तळले, तर मागे कुणी उभं नाही. मासे करपले. सांगायला नको होतं, पण करपले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सानवीचा फोन. "बाई, जरा दवाखान्यात येता का? काका आलेत. जायला तयार नाहीत."

मी स्कूटी काढली. जाऊन बघते तर वजीर त्या खुर्चीत बसलेले. गालांवर टिकल्या, कानशिलांवर टिकल्या, कानामागे वायर. लहान मुलाला इंजेक्शनला बसवावं तसे हात मांडीवर.

"काका म्हणाले, माझंही बघ," सानवी कुजबुजली. "दाढा त्यांच्याही झिजल्यात. सात येतोय."

मी दारातून आत पाऊल टाकलं. आम्ही तिघांनीही पडद्याकडे बघितलं.

सात. नऊ. अकरा.

मला वाटलं होतं, बघून मला समाधान वाटेल. फिटंफाट! नाही वाटलं. खुर्चीजवळ जाऊन मी म्हटलं, "सैल सोडा. खांदे खाली."

बारा.

तेवढ्यात ट्रेमध्ये ठेवलेला त्यांचा फोन वाजला. वजीरना हलायला मनाई होती, म्हणून सानवीनं तो उचलून स्पीकरवर टाकला. पलीकडून खणखणीत आवाज आला. "काय रं वजीर! जेवलास काय? आज आमटीत मीठ जास्त पडला बग. तू असतास तर वरडला असतास! आयकतोयस ना? बोल नको, नुसता आयक. काल सपनात आपली खोली आली. तू वरच्या खाटेवर घोरत व्हतास, नि मी खालून लाथ मारतंय..."

काशीराम बोलतच राहिला. आमटी, खाट, कतारचा तो मोडका कूलर. आणि पडद्यावरची रेघ उतरायला लागली. आठ. पाच. तीन. दोन. त्याच्याही खाली!

मी पडदा सोडून वजीरकडे बघितलं. डोळे मिटलेले. ओठ मिटलेले, दात सुटे. कपाळावरची उभी आठी पुसून गेलेली. हा चेहरा मी कधी बघितला नव्हता. एकोणतीस वर्षांत एकदाही नाही. काशीरामनं एकोणीस वर्षं रोज बघितला असणार.

सानवीनं हळूच फोनचा आवाज बंद केला. "बाई, पाणी देऊ?" तिनं विचारलं. मला विचारलं, पेशंटला नाही.

परत येताना वजीर स्कूटीवर मागे बसले होते. भाट्याच्या बाजूनं वारा येत होता. जेलनाक्याच्या उतारावर ते मागून म्हणाले, "त्या घरात मला कळत नाही, काय कुठं असतं. माझंच घर आणि मीठ मागावं लागतं. म्हणून लिहून ठेवायचो."

मी म्हटलं, "मला विचारायचं."

"विचारलं की तू 'बघू' म्हणतेस."

मी गाडी चालवत होते म्हणून बरं. मागे वळून बघावं लागलं नाही.

घरी गेल्यावर त्यांनी रॅक एकवरचा अर्ज काढला, नीट चार घड्या घातल्या आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवला. टेबल डुगडुगायचं थांबलं. स्टोअरकीपर काही वाया घालवत नाही.

जूनमध्ये माझी शाळा सुरू झाली आणि त्याच आठवड्यात वजीर राजापूरला गेले. काशीराम तिथं एका काजूच्या कारखान्यात मुकादम आहे. गोदाम सांभाळायला कारखान्याला माणूस हवाच होता. कारखान्याच्या मागे एक खोली दिलीय. दोघं राहतात. खाट वरची-खालची नाही, शेजारी-शेजारी आहे, पण म्हणे चालतं. रविवारी एसटीनं रत्नागिरीला येतात, सोमवारी सकाळच्या गाडीनं परत.

गल्लीत बोभाटा झाला, कौसरबाईंनी नवऱ्याला घालवला. पनवेलहून आयातचा, आमच्या मुलीचा, रडत फोन. "अम्मी, तुमचं भांडण झालं?" मी म्हटलं, "नाही गो. भांडण झालं असतं तर ते गेले नसते." तिला ते समजलं नाही. तिचं लग्न होऊन दोनच वर्षं झालीत, आणि जावई रोज संध्याकाळी घरी येतो.

आता रोज संध्याकाळी सातला वजीरचा फोन येतो. आज मासळी काय मिळाली, शाळेत पोरांनी काय केलं, कारखान्यात कुणी कुणाला काय म्हटलं. अर्धा-अर्धा तास! आम्ही हसतो, एकमेकांना टोमणेसुद्धा मारतो. परवा तर मी चक्क "नाही" म्हटलं आणि त्यांनी ऐकलं. सव्वीस वर्षं आम्हाला हेच तर येत होतं. फोनवर आमच्यासारखं जोडपं अख्ख्या राजिवड्यात नाही!

गेल्या रविवारी ते आले नाहीत. "स्टॉक तपासणी आहे गो," फोनवर म्हणाले. मागून काशीराम ओरडत होता, "वजीर, पत्ते वाट रं लवकर!"

मी म्हटलं, "असू दे. काम महत्त्वाचं."

दोघांसाठी म्हणून सुरमई आणली होती, दोघांचा भात टाकला होता. मग एकटीच जेवायला बसले. आणि कुणाला सांगू नका, पण दोघांचं जवळजवळ सगळं संपवलं! इतकं चवीनं मी कित्येक महिन्यांत जेवले नव्हते. हात धुताना लाज वाटली, थोडी. मग आठवलं की राजापूरला दोघं मिळून पत्ते खेळतायत. म्हणून तळलेली शेवटची एक तुकडी राहिली होती, तीही उचलली.